बिगर नंबरची होडी

होडी पाण्यात घालायच्या आधी पाणी होडीत घालायचं असतं, हे मुक्ताबाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सकाळपासून तिनं आणि सुनेनं, यशोधरेनं, हापशावरून साठ-सत्तर घागरी आणून ओतल्या होत्या. दारापुढं दगडांवर ठेवलेली चौदा फुटी पत्र्याची होडी पाऊण भरली, तेव्हा निवृत्ती खडू घेऊन तिच्या खाली उताणा सरकला.

"हलवू नका आता," तो खालून म्हणाला.

पाणी आत, आणि थेंब बाहेर कुठं येतो ते बघायचं. जिथं थेंब धरला तिथं खडूची फुली. मुक्ताबाई कमरेवर हात देऊन वाकून बघत होती. नवऱ्याचं पोट वरखाली होत होतं. कपाळावर एक थेंब पडला, तशी त्यानं वरच्या पत्र्यावर फुली मारली.

"किती झाल्या?"

"सात."

"सात भोकं?"

"भोकं नव्हं. जोडात हवा राह्यलीय. परत वेल्डिंगचा रॉड फिरवला की बुजतेल."

निवृत्ती उजगरेनं तेलगावच्या एका शेडात सव्वीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधल्या होत्या. शाळा तिसरीपर्यंत, पण पत्र्यावर नुसता हात फिरवून तो कुठं ताणलाय ते सांगायचा. गुडघे गेले, तसं शेडवाल्यानं त्याला घरी बसवलं. होडी मात्र त्यानं जन्मात बांधली नव्हती. ती बांधायची वेळ आली ती सप्टेंबरातल्या पावसानं.

शेलवाडीच्या शिवारात धरणाचा फुगवटा येतो. चाळीस वर्षांपूर्वी त्या पाण्यानं उजगऱ्यांची काळी जमीन घेतली आणि वरचं दोन एकराचं टेकाड तेवढं ठेवलं. सासूनं मरायच्या आधी ते मुक्ताबाईच्या नावावर केलं होतं. धरण कधी भरायचंच नाही, त्यामुळं टेकाडावर जायला पायवाट असायची. फार तर गुडघाभर पाण्यातून जावं लागे. यंदा आभाळच फाटलं. धरण काठोकाठ भरलं, पायवाटेवर दोन पुरुष पाणी चढलं आणि टेकाडाचं बेट झालं. बेटावर कापूस उभा. पहिली बोंडं फुटलेली काठावरून पांढरी दिसायची. रोज दिसायची.

गावात एक होडी होती. मच्छीमार संस्थेची, सरकारनं दिलेली, इंजनाची. संस्थेचा चेअरमन विजयसिंह. विजयसिंहानं आयुष्यात कधी जाळं टाकलं नव्हतं की मासा साफ केला नव्हता, पण संस्था त्याच्या वाड्याच्या ओसरीवर भरायची आणि होडीची किल्ली त्याच्या माणसाच्या, तानाजीच्या, करगोट्याला असायची. मुक्ताबाई तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा तानाजी म्हणाला इंजन बंद हाय. दुसऱ्यांदा म्हणाला डिझल न्हाई. तिसऱ्यांदा विजयसिंहच ओसरीवर होता. तो म्हणाला, "आमचा कापूस उरकू द्या. बाया कमी हाईत. तुमी दोघी आलात येचायला तर लवकर उरकंल. मंग नेतो की तुमाला."

ती घरी येऊन नुसती बसली. निवृत्तीनं विचारलं, तसं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरानं धाडलेल्या पैशातून त्यानं पत्रा आणला. पोरगा, अनिल, हार्वेस्टरवर ड्रायव्हर होता आणि हंगामभर कर्नाटकात असायचा.

सात फुल्या बुजल्या. मग सगळी होडी घासून काढायचं काम बायकांनी केलं. पॉलिश पेपरनं घासताना यशोधरेच्या बोटांची साल गेली. लाल प्रायमरचे दोन हात झाले. दोन दिवस वाळल्यावर रंग.

"कंचा?" निवृत्तीनं विचारलं.

"निळा," यशोधरा म्हणाली.

"निळाच," मुक्ताबाई म्हणाली, आणि डब्याचं झाकण उचकटायला तिनंच विळा आणला.

रंग वाळला त्या दुपारी तानाजी मोटरसायकलवरून आला. उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून होडीकडं बघत राहिला.

"निळा दिला व्हय. वाटलंच मला."

यशोधरेनं रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

"काठावर बोर्ड लावलाय, वाचलाव का? बिगर नंबरची होडी पाण्यात घालायची न्हाई. तिकडं कुठं तरी होडी बुडली, तवापासून लई कडक झालंय. बिगर नंबरची दिसली की मला फोन करावा लागंल. मला काय हौस न्हाई, पर करावा लागंल."

"नंबर कुठं मिळतो?" यशोधरेनं विचारलं.

"तालुक्याला. मासेमारीच्या ऑफिसात." त्यानं गाडीला किक मारली. "मिळाला तर."

*

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. निवृत्तीचे गुडघे जिन्यावर कुरकुरत होते म्हणून त्याला खाली बाकावर बसवून सासू-सुना वर गेल्या. अर्ज मुक्ताबाईच्या नावानं करायचा होता. शेत तिचं, शेताला जायची होडी तिची. तिच्या पिशवीत आधार कार्ड, सातबारा आणि यशोधरेनं फोनवर काढून छापून आणलेला होडीचा फोटो होता.

क्लार्क जेवून आला होता. काडीनं दात कोरत त्यानं फोटो लांब धरून पाहिला.

"बिल कुठंय?"

"कशाचं?"

"होडी कुठून घेतली त्याचं."

"घेतली न्हाई. घरी केली."

तो हसला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडं बघून हसला, म्हणजे त्यानंही हसावं. "घरी भाकरी करतेत, बाई. होडी कारखान्यात करतेत."

सात फुल्या, सत्तर घागरी, सोललेली बोटं, सगळं मुक्ताबाईच्या जिभेवर आलं होतं. पण कागद त्याच्या हाताखाली होते. ती म्हणाली, "आमच्या मालकांनी केली. ट्रॉल्या बांधायचे ते."

"ट्रॉली रस्त्यावर चालती. बुडत न्हाई." त्यानं ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून टाकला. "हा भरा. शेलवाडीचे ना? संस्थेचं ना-हरकत आणा. चेअरमनची सही-शिक्का. त्याबिगर माझ्याकडं येऊ नका."

"साहेब, आमाला मासे धरायचे न्हाईत," यशोधरा म्हणाली. "शेताला जायचंय."

"पाणी संस्थेचं हाय का तुमचं?" तो म्हणाला. "सही आणा."

खाली निवृत्तीनं विचारलं, "झालं?"

मुक्ताबाईनं फॉर्म त्याच्या हातात दिला. त्याला त्यातलं फार वाचता येत नव्हतं. त्यानं तो नीट चौघडी घातला आणि खिशात ठेवला.

*

विजयसिंहानं त्यांना अंगणात उभं केलं. चहा आला तो त्याच्या एकट्याचा. तो कप रिकामा होईपर्यंत बोलला नाही.

"सही ना? देऊ की. आपल्या गावची बाई हाय म्हटल्यावर न्हाई कशी म्हणायची." त्यानं कप खाली ठेवला. "पर मी मागंच काय म्हणलतो? बाया कमी हाईत. चार दिवस या दोघी. कापूस उरकला की सही."

मुक्ताबाईनं यशोधरेकडं पाहिलं. यशोधरा मान हलवत होती, नको म्हणून. मुक्ताबाईला पलीकडचं पांढरं टेकाड दिसत होतं. ढग परत दाटत होते.

"चार दिवस," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी सही."

"शब्द हाय."

चार दिवस दोघींनी कमरेला ओटी बांधून विजयसिंहाचा कापूस वेचला. पावसानं खालची बोंडं सडली होती आणि वरची अर्धवट उघडली होती. अर्ध्या बोंडातला कापूस ओढून काढावा लागतो. सुकलेल्या पाकळीचं टोक नखाच्या मुळात शिरतं. दुसऱ्या दिवसापासून मुक्ताबाईला अंगठा वाकवता येईना. ती दोन बोटांनी ओढायला लागली. पायाखाली चिखल, चपला रुतायच्या म्हणून सगळ्या बाया अनवाणी. दुपारी जेवायला झाडाखाली बसल्या की तानाजी सगळ्यांना पाणी वाढायचा आणि ह्या दोघींपुढं बाटली लांबूनच ठेवून जायचा. कुणी बघितलं नाही असं नव्हतं. पण कुणी काही म्हणालं नाही, आणि मुक्ताबाईनंही बाटलीला हात लावला नाही. घरून नेलेल्या चरवीतलं कोमट पाणी त्या दोघी पुरवून प्यायच्या.

शेताच्या बांधावरून त्यांचं टेकाड दिसायचं. तिसऱ्या दिवशी मधेच उभी राहून मुक्ताबाई तिकडं बघत होती. मुकादमीण ओरडली, "मुक्ताबाई, हात चालवा, डोळे नकोत."

पाचव्या दिवशी विजयसिंहानं कागद दिला. सही होती. शिक्का होता. गोल, जांभळा, स्वच्छ उठलेला. मुक्ताबाईनं तो कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला होता. यशोधरा अंगणातच वाचायला लागली. वाचता वाचता थांबली.

"आत्याबाई, ह्यात होडीचा मालक संस्था लिहिलीय."

"काय?"

"मालक, शेलवाडी मच्छीमार संस्था. वापरणार, मुक्ताबाई उजगरे. संस्थेच्या परवानगीनं."

मुक्ताबाई वळली. विजयसिंह पान लावत होता.

"हे असं कावून?"

"अहो, कागदावर नाव संस्थेचं. होडी तुमच्याच दारात. तुमाला काय फरक पडायला?"

"मंग तुमच्या ट्रॅक्टरावर माझं नाव लावा," मुक्ताबाई म्हणाली. "ट्रॅक्टर तुमच्याच दारात राहील."

अंगणात झाडणारी बाई थांबली. विजयसिंहाचा हात पानावर तसाच राहिला. मग त्यानं ते नीट दुमडलं, तोंडात घातलं, आणि गालात धरून बोलला, "जीभ लई चालती तुमची. असा कागद चालत असंल तर घ्या. न्हाई तर बसा काठावर, कापूस मोजत."

*

घरी निवृत्ती बाजेवर आडवा होता. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या. ह्या चार दिवसांत त्यानं होडीला बसायच्या फळ्या केल्या होत्या आणि त्यांच्याखाली तेलाचे रिकामे डबे झाकणं पक्की करून बसवले होते, म्हणजे पाणी भरलं तरी बुडू नये. वेल्डिंगची काच तडकलेली होती. नवी आणायच्या ऐवजी तो डोळे बारीक करून करत राहिला, आणि दुपारनंतर डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं होतं.

सगळं ऐकून त्यानं चकत्या बोटांनी दाबून धरल्या. मग म्हणाला, "लिहू दे त्याला. पत्रा तर आपल्याकडंच राहील. कापूस तरी घरी यील."

"काय म्हणालात?"

"लिहू दे म्हणलं. त्याच्याशी वाकडं घेऊन गावात ऱ्हायचंय का? घरकुलाच्या यादीवर त्याची सही, नळाला त्याची सही."

"होडी तुमी बांधली का संस्थेनं?"

"मी."

"डोळे तुमचे गेले का विजयसिंहाचे?"

चकत्यांच्या कडेनं पाणी गळत होतं. ते वेल्डिंगचं होतं का कशाचं, तिला कळलं नाही. तिनं चकत्या काढल्या, ताज्या कापून ठेवल्या. दुखऱ्या अंगठ्यानं नीट कापल्या गेल्या नाहीत, जाड झाल्या.

"सव्वीस वर्षं ट्रॉल्या बांधल्या," ती म्हणाली. "प्रत्येक ट्रॉलीवर शेडवाल्याचं नाव. ते जाऊ द्या, ते त्याचं शेड होतं. ही माझ्या दारात बांधलीय. माझ्या घागरी गेल्यात हिच्यात. हिच्यावर मी त्याचं नाव लावून घेणार न्हाई. कापूस सडला तर सडू दे."

यशोधरा चुलीपुढं बसून तो कागद परत परत वाचत होती. ती बारावी झालेली होती आणि छापील अक्षर तिला सोडवत नसे.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या फॉर्मवर वरच लिहिलंय, मासेमारी नौका. आपली मासेमारीची हाय का? मी त्या दिवशी म्हणलं तर त्यानं ऐकलंच न्हाई. ऑफिसात दुसरा कुणी साहेब असंल का न्हाई?"

*

दुसरा साहेब म्हणजे बाई होती. दीपमाला मॅडम, अधिकारी, नुकतीच बदलून आलेली. तिच्या केबिनच्या दारात क्लार्क आडवा आला. "मॅडम कामात हाईत, कागद माझ्याकडं द्या." मुक्ताबाई त्याच्या हाताखालून आत गेली. नंतर तिला स्वतःचंच नवल वाटलं. त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं की पाय थांबत नाहीत.

मॅडमनं संस्थेचा कागद वाचला, फॉर्म वाचला, सातबारा वाचला.

"तुम्ही मासेमारी करता?"

"न्हाई मॅडम. पाण्याच्या पलीकडं शेत हाय. कापूस हाय."

"मग हा फॉर्म कशाला भरला? शेतीसाठी, स्वतःच्या वापराच्या होडीला संस्थेचं ना-हरकत लागतच नाही. फॉर्म वेगळा आहे. एक प्रतिज्ञापत्र, आणि आम्ही येऊन होडी तपासायची. बस."

मुक्ताबाईला आधी नीट समजलं नाही. "सही लागत न्हाई?"

"नाही लागत."

"चेअरमनची?"

"कुणाचीच नाही."

यशोधरेनं सासूचा दंड धरला. मुक्ताबाई टेबलाजवळ सरकली. "मॅडम, त्या सहीसाठी चार दिवस आमी दोघींनी त्याचा कापूस येचला. फुकट. आमचा तिकडं भिजत होता आन् आमी त्याचा येचत होतो." तिनं दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. नखांच्या मुळाशी काळं साकळलं होतं, अंगठा सुजून गोल झाला होता.

मॅडमनं हातांकडं पाहिलं आणि घंटी वाजवली. क्लार्क आला.

"यांना हा फॉर्म तुम्ही दिला?"

"शेलवाडीचे म्हणल्यावर मला वाटलं मासेमारीचंच असंल."

"त्या सांगत होत्या ना, शेताला जायचंय म्हणून?"

"गर्दी होती, मॅडम."

"कुणी नव्हतं," यशोधरा म्हणाली. "तुमी दात कोरत होता."

क्लार्कनं दुसरा फॉर्म आणून दिला. माफी मागितली नाही. फॉर्म देताना टेबलावर जरा आपटलाच.

*

मॅडम आठव्या दिवशी आली. तोवर दोनदा पाऊस येऊन गेला होता. जीप काठावर थांबली तसं अर्धं गाव गोळा झालं.

होडी ढकलायला चौघं शेजारी आले होते. ती पाण्यावर गेली, जराशी डावीकडं कलली आणि सावरली. निवृत्ती गुडघाभर पाण्यात उभा राहून तिच्या काठाला धरून होता. मॅडमनं टेपनं लांबी-रुंदी मोजली, डबे बघितले, भाड्यानं आणलेली चार लाईफ जॅकेटं बघितली. मग म्हणाली, चार माणसांचं वजन ठेवा, माणसं नको, पोती भरा.

खताच्या रिकाम्या सहा गोण्यांत मुरूम भरला. मुक्ताबाई खोऱ्यानं ओढत होती, यशोधरा गोणीचं तोंड धरत होती. एकेक गोणी आत गेली तशी होडी खाली बसत गेली. सहावी ठेवली. पाणी काठापासून वीतभर खाली राहिलं.

"तासभर असंच राहू दे," मॅडम म्हणाली.

तास लांबलचक निघाला. निवृत्ती पाण्यातच उभा होता. लोक म्हणत होते वर या, तर तो ऐकू आलं नसल्यासारखा तळाकडं बघत होता. तासानं मॅडमनं आत पाय ठेवून फळीखाली हात घातला. हात कोरडा होता. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा वर केला असं नाही, पण दिसला सगळ्यांना.

पाणी जिथवर चढलं होतं तिथं निवृत्तीनं पांढरी रेघ ओढली. हिच्यावर ओझं भरायचं नाही. मॅडम जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागली.

"मालक, मुक्ताबाई निवृत्ती उजगरे. बांधणारा?"

निवृत्ती तोंड पुसत होता. त्याला सवय नव्हती कुणी असं विचारायची. तो बायकोकडं बघायला लागला.

मुक्ताबाईनं चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. हे, आमचे मालक, अनिलचे दादा, असंच. आता ती म्हणाली, "निवृत्ती गणपत उजगरे. नीट लिहा मॅडम. निवृत्ती गणपत उजगरे."

मुरमाच्या गोण्या उतरवल्या. नंबर मिळाला. यशोधरेनं पुठ्ठ्याची अक्षरं कापून ठेवली होतीच. तिनं दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात तो उमटवला. शेवटचा आकडा अजून ओला होता तेव्हा लोकांत हालचाल झाली आणि विजयसिंह पुढं आला. पांढरे बूट, मागं तानाजी, तानाजीच्या हातात नारळ आणि झेंडूचा हार. एका पोऱ्याला त्यानं फोन धरायला दिला होता.

"अभिनंदन, अभिनंदन," तो मॅडमना म्हणाला. "संस्थेनं पहिल्या दिवसापासून पाठिंबा दिला. आमचंच पत्र होतं." आणि बोलता बोलताच तो होडीत चढला. मधल्या फळीवर बसला. हार स्वतःच्या हातानं होडीच्या पुढच्या नाकाडावर टाकला. "या निवृत्ती, या मुक्ताबाई. बसा शेजारी. पयली फेरी आपण सगळे मिळून करू. काढ रे फोटो."

निवृत्ती चढला. यशोधरा चढली. वल्ही आत होती. मुक्ताबाई काठावर उभी होती.

यशोधरेला सासूचा चेहरा ओळखू येत होता. ती घाईनं विजयसिंहाला म्हणाली, "दादा, चौघांचाच नंबर हाय. मॅडम येणारेत आमच्यासंगं, तुमाला जागा व्हायची न्हाई."

विजयसिंहाचं तोंड जरा उतरलं. उठायला सुरुवातही केली त्यानं. तेवढ्यावर भागलं असतं. मान राहिला असता.

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "मॅडम येत न्हाईत. खोटं कावून बोलायचं? चौघांचा नंबर हाय आन् आमी तिघं हावोत. जागा हाय."

विजयसिंह परत बसला. हसला.

"जागा हाय," ती म्हणाली, "पर तुमाला न्हाई. उतरा."

कुणीतरी खोकलं. फोन धरलेल्या पोऱ्यानं फोन खाली घेतला.

"मुक्ताबाई गंमत करायल्यात," विजयसिंह मॅडमना म्हणाला.

"गंमत न्हाई. लागत नसलेल्या सहीसाठी चार दिवस राबवलंत. वर होडी तुमच्या नावावर लिहिलीत. प्यायचं पाणी लांबून ठेवलंत आमच्यापुढं. आता फोटोला शेजारी बसा म्हणता? उतरा माझ्या होडीतून."

एवढ्यात होडी काठापासून तीन-चार हात सरकली होती. विजयसिंह उठला. निवृत्तीनं सवयीनं हात पुढं केला. विजयसिंहानं तो धरला नाही. पांढऱ्या बुटांसकट पाण्यात उतरला, गुडघ्याच्या वर भिजला, आणि चिखलातून पाय उपसत काठावर आला. तानाजीला नारळाचं काय करावं कळेना. मॅडम मान खाली घालून कागद फायलीत लावत होती, लावून झाले तरी लावत होती.

मुक्ताबाईनं लुगडं खोचलं आणि पाण्यातून चालत जाऊन होडीत चढली.

*

अर्ध्या वाटेवर निवृत्ती म्हणाला, "असं बोलायला नको होतं."

"कावून?"

त्यानं वल्हं दोनदा मारलं. "आता तो सोडायचा न्हाई."

"आधी कवा सोडलं होतं?"

तो वल्हवत राहिला. होडी सरळ चालली होती.

टेकाडावर पाय ठेवला तसा वास आला. काठावरून पांढरं दिसायचं ते वरच्या शेंड्याचं होतं. खाली सगळं काळं. पहिली फुटलेली बोंडं गळून चिखलात पडली होती, आणि जी झाडावर राहिली होती त्यांच्यातल्या सरक्यांना बोंडातच हिरवे कोंब आले होते. यशोधरेनं एक बोंड हातात घेतलं, ते मऊ होऊन पिचकलं. निवृत्ती बांधावर बसला.

"चार दिवस आधी आलो असतो तर," तो म्हणाला.

"चार न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "पयल्याच दिवशी नीट फॉर्म दिला असता तर सहा-सात दिवस आधी आलो असतो."

तिनं ओटी बांधली. वरचा चांगला कापूस तिघांनी मिळून वेचला, उन्हं कलेपर्यंत. दोन पोती झाली, तीही नीट दाबलेली नव्हती. दरसाल ह्या टेकाडावर किती व्हायचा ते तिघांनाही ठाऊक होतं. निघताना मुक्ताबाईनं तिसरी गोणी घेतली आणि खाली पडलेली काळी, कोंब आलेली बोंडं दोन्ही हातांनी तीत भरायला लागली.

"हे कशाला?" निवृत्ती म्हणाला. "ह्याला कोण घेणार?"

"इकायला न्हाई."

सोमवारी ती पहिल्या एस.टी.नं एकटीच तालुक्याला गेली. कंडक्टरनं गोणीचा वास येतो म्हणून तिला मागच्या सीटवर बसवलं. ऑफिस उघडून क्लार्क नुकताच खुर्चीवर टेकला होता. ती त्याच्या टेबलापुढं उभी राहिली, गोणीची सुतळी सोडली, आणि गोणी उलटी केली. सडकी बोंडं फायलींवर, रजिस्टरावर, त्याच्या डब्याच्या पिशवीवर पडली. काही घरंगळून त्याच्या मांडीवर गेली. काळं पाणी कागदांत शिरलं.

तो खुर्चीसकट मागं सरकला. "बाई! हे काय? डोकं फिरलंय का?"

"हा तुमच्या चुकीच्या फॉर्मचा कापूस," मुक्ताबाई म्हणाली. "जमा करून घ्या आन् मला पोच द्या."

"कसली पोच?"

"मिळाला म्हणून. तारीख टाकून. सही-शिक्क्यानिशी."

शेजारच्या टेबलावरचा माणूस ह्या वेळी हसला नाही. बाहेर बसलेले लोक दारात येऊन उभे राहिले. मुक्ताबाईनं भिंतीकडची खुर्ची ओढली, टेबलापुढं आणली, रिकाम्या गोणीची घडी घालून मांडीवर ठेवली, आणि बसली.